श्वेतकणांतील एक विकर आणि रक्तव्याधींचे सापेक्ष निदान

अलीकडे आपल्या चिकित्सालयात येणारा रुग्ण नाडी पुढे करण्यापूर्वी तपासण्यांच्या अहवालांची पिशवी पुढे करतो. त्या पिशवीतील रक्तगणनेचा कागद आपण पाहतो, हिमोग्लोबिनच्या आकड्यावर नजर टाकतो, पांडूचा विचार करतो आणि बहुतेक वेळा तो कागद परत देतो. श्वेतकणांची संख्या बारा-पंधरा हजार असली तर 'कोठेतरी जंतुसंसर्ग असावा' असे म्हणून पुढे जातो, आणि ते बहुधा बरोबरही असते. परंतु हीच संख्या पन्नास हजार, ऐंशी हजार किंवा लाखाच्या वर दिसली म्हणजे वैद्य आणि रुग्ण दोघांच्याही मनात एकच शब्द येतो, रक्ताचा कर्करोग. तो शब्द उच्चारण्यात घाई झाली तरी अनर्थ होतो, आणि विलंब झाला तरी होतो. आम्ही या दोन्ही चुका जवळून पाहिल्या आहेत. त्यांपैकी एक तर आमच्याच हातून घडलेली आहे, म्हणून तीच प्रथम सांगतो.

२०११ साली अडतीस वर्षांचे एक शिंपीकाम करणारे गृहस्थ आमच्याकडे आले. डाव्या कुशीत जडपणा, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटणे, थकवा, रात्री घाम, आणि चार महिन्यांत सहा किलो वजन कमी झालेले. उदरपरीक्षणात प्लीहा बरगडीखाली चार बोटे हाताला लागत होती, स्पर्शाला कठीण, वेदनारहित. पूर्वी हिवतापाचा इतिहास होता. आम्ही प्लीहोदराची चिकित्सा योजली, रोहितकारिष्ट व लोहकल्प दिले, पथ्य सांगितले. भूक किंचित सुधारली, त्यामुळे रुग्णही समाधानी आणि आम्हीही. दोन महिन्यांनी प्लीहा कमी होण्याऐवजी नाभीच्या दिशेने सरकलेली आढळली, तेव्हा कोठे आम्ही रक्त तपासावयास पाठविले. श्वेतकण १,४२,००० निघाले. जी तपासणी पहिल्याच दिवशी करावयास हवी होती, ती साठ दिवसांनी झाली.

आता मुख्य विषयाकडे वळू. प्रौढ व्यक्तीत श्वेतकणांची संख्या दर घन मिलिमीटरला साधारण ४,००० ते ११,००० असते. ती पन्नास हजारांच्या पुढे जाते तेव्हा प्रामुख्याने दोन शक्यता उरतात. पहिली, शरीरात अन्यत्र काही उग्र व्याधी आहे (खोलवर साठलेला पू, गंभीर जंतुसंसर्ग, क्वचित क्षय, मोठा रक्तस्राव, भाजणे, एखाद्या अवयवाचा अर्बुद) आणि तिला प्रत्युत्तर म्हणून अस्थिमज्जा मोठ्या प्रमाणावर श्वेतकण बाहेर ढकलीत आहे. हिला ल्युकेमॉइड प्रतिक्रिया म्हणतात, म्हणजे रक्तकर्करोगाचा केवळ आभास. दुसरी शक्यता अशी की मज्जेतील एका मूळपेशीतच बिघाड झाला असून तिची संतती कोणाच्याही आज्ञेवाचून वाढत आहे. यात प्रौढांमध्ये वारंवार भेटणारा व्याधी म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, संक्षेपाने सी.एम.एल.

आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर पहिली स्थिती परतंत्र आणि दुसरी स्वतंत्र. ही तुलना फार ताणू नये हे आम्हांस ठाऊक आहे. पण चिकित्सेच्या दृष्टीने ती उपयोगी पडते. परतंत्र विकारात मूळ व्याधी शमला की श्वेतकण आपोआप उतरतात. स्वतंत्र विकारात ते उतरत नाहीत, आणि त्यांची वाट पाहण्यात घालविलेला प्रत्येक महिना रुग्णाच्या आयुष्यातून वजा होतो.

अडचण अशी की सूक्ष्मदर्शकाखाली ही दोन्ही रक्ते पुष्कळदा सारखी दिसतात. दोहोंत पक्व न्यूट्रोफिल भरपूर, दोहोंत मायलोसाइट, मेटामायलोसाइट अशा अपक्व पेशी. अनुभवी पॅथॉलॉजिस्टला काही खुणा दिसतात. सी.एम.एल.मध्ये बेसोफिल वाढलेले असतात, इओसिनोफिलही अधिक असू शकतात, अपक्व पेशींच्या सर्व पायऱ्या एकदम हजर असतात आणि प्लीहा बहुधा वाढलेली असते. ल्युकेमॉइड प्रतिक्रियेत न्यूट्रोफिलमध्ये गडद विषजन्य कणिका व फिकट निळे ठिपके दिसतात, बेसोफिल वाढत नाहीत आणि एकूण संख्या लाखाच्या पुढे क्वचितच जाते. तरीही संशयाला जागा उरतेच. अशा वेळी न्यूट्रोफिलच्या पोटात असणारा एक विकर, म्हणजे एन्झाइम, साक्षीला बोलाविता येतो. त्याचे नाव ल्युकोसाइट अल्कलाइन फॉस्फेटेज. अहवालात तो 'एल.ए.पी. स्कोअर' किंवा 'एन.ए.पी. स्कोअर' असा लिहिलेला असतो.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे, कारण तो आमच्या कित्येक वैद्यबंधूंत आढळतो. यकृताच्या तपासणीत जो अल्कलाइन फॉस्फेटेजचा आकडा येतो तो रक्तजलातील विकराचा असतो, आणि तो यकृत, पित्तमार्ग व अस्थी यांविषयी सांगतो. आपण ज्याविषयी लिहीत आहोत तो विकर पेशीच्या आत असतो आणि तो काचपट्टीवर रंग देऊन डोळ्यांनी पाहावा लागतो. कामिलेच्या रुग्णात पहिला आकडा तिप्पट झाला म्हणून दुसऱ्याविषयी काहीही अनुमान करता येत नाही.

हा विकर न्यूट्रोफिलच्या पक्वतेच्या शेवटच्या टप्प्यात प्रकट होतो. जंतुसंसर्गात शरीर जे उत्तेजक द्रव्य निर्माण करून मज्जेला जागे करते, तेच द्रव्य न्यूट्रोफिलला हा विकर अधिक तयार करावयास लावते. म्हणून प्रतिक्रियेतून जन्मलेले न्यूट्रोफिल या विकराने गच्च भरलेले असतात. सी.एम.एल.मधील न्यूट्रोफिल मात्र त्या उत्तेजनाची वाट न पाहता, स्वतःच्याच बिघाडामुळे वाढलेले असतात. ते दिसावयास पक्व, पण आतून जवळजवळ रिते. एवढ्याच भेदावर सारी परीक्षा उभी आहे.

परीक्षेची पद्धत साधी असून १९५५ साली कॅपलो यांनी ती गुणांकनासह मांडली. रक्ताची पातळ पट्टी काढून ती ताबडतोब स्थिर करावयाची आणि नॅफ्थॉल फॉस्फेट व एक डायझो रंग असलेल्या क्षारधर्मी द्रावणात ठेवावयाची. पेशीत विकर असेल तर तो फॉस्फेट तोडतो, मोकळा झालेला नॅफ्थॉल रंगाशी जुळतो आणि जेथल्या तेथे न विरघळणारा रंगीत साका बसतो. वापरलेल्या रंगाप्रमाणे तो निळा किंवा तांबडा दिसतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली १०० न्यूट्रोफिल मोजावयाचे, तेही केवळ पक्व आणि बँड अवस्थेतील. प्रत्येकाला रंगाच्या प्रमाणात ० ते ४ गुण द्यावयाचे: मुळीच रंग नाही तर ०, पेशी काठोकाठ गडद असेल तर ४. सर्व गुणांची बेरीज म्हणजे स्कोअर. तो ० आणि ४०० यांच्या दरम्यान कोठेही येतो. निरोगी माणसात तो साधारणतः ४० ते १०० असतो. प्रत्येक प्रयोगशाळेचा पल्ला थोडा निराळा असतो, म्हणून अहवालावर छापलेला पल्लाच प्रमाण मानावा. शिवाय चांगली प्रयोगशाळा रुग्णाच्या पट्टीसोबत एका निरोगी माणसाची पट्टीही रंगविते. अशी तुलनेची पट्टी घेतली होती काय, हे दूरध्वनीवर विचारावयास संकोच करू नये.

आमच्या त्या शिंपी रुग्णाचा स्कोअर ६ आला. रक्तात बेसोफिल सहा टक्के, प्लेटलेट ५,८०,०००. चित्र स्पष्ट होते. पुढे रक्ततज्ज्ञांकडे जनुकीय तपासणी झाली आणि सी.एम.एल.वर शिक्कामोर्तब झाले.

दुसरा प्रसंग २०१४ सालचा. छप्पन्न वर्षांचे मधुमेही किराणा दुकानदार, दहा दिवसांचा ज्वर, उजव्या बरगडीखाली दुखणे, अरुची. श्वेतकण ५८,०००, रक्तपट्टीत मायलोसाइट. अहवालाच्या तळाशी 'ल्युकेमिया?' अशी नोंद. एल.ए.पी. स्कोअर करावयास सांगितले तर तो आला १४. घरात रडारड सुरू झाली. मुलाने मुंबईला नेण्याची तयारी केली, दुकानाचा माल कोणाच्या हवाली करावा येथपर्यंत बोलणे झाले.

परंतु काही गोष्टी जुळत नव्हत्या. प्लीहा हाताला लागत नव्हती. बेसोफिल शून्य होते. न्यूट्रोफिलमध्ये विषजन्य कणिका भरपूर होत्या. ज्वर उच्च आणि थंडी वाजून येणारा. आमच्या परिचयाच्या एका पॅथॉलॉजिस्टना आम्ही दूरध्वनी केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: रक्त कोणत्या नळीत आणि केव्हा घेतले होते? चौकशी करता कळले की ते जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतले होते, तालुक्याच्या गावी रात्रभर ठेवले होते आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.ने जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचले होते. जांभळ्या झाकणाच्या नळीत ई.डी.टी.ए. असते. नेहमीच्या रक्तगणनेला तीच नळी योग्य, पण ई.डी.टी.ए. नेमके याच विकराचे कार्य रोखते, आणि वेळ जाईल तसा विकर आपणहूनही क्षीण होत जातो. रुग्णास त्यांच्या प्रयोगशाळेत नेऊन बोटाला टोचून ताजी पट्टी काढली आणि तत्काळ स्थिर केली. शंभर पेशींत ५ कोऱ्या, १५ एक गुणाच्या, ३० दोनच्या, ३० तीनच्या आणि २० चारच्या. बेरीज २४५. सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात मोठी विद्रधी सापडली. पू काढला, प्रतिजैविके दिली, मधुमेह आटोक्यात आणला. तिसऱ्या आठवड्यात श्वेतकण ९,६०० होते.

रक्त एकाच माणसाचे, व्याधी एकच, आणि स्कोअर प्रथम १४ व नंतर २४५. म्हणून या परीक्षेसाठी रुग्णासच प्रयोगशाळेत पाठवावे, त्याचे रक्त पाठवू नये. बोटाच्या टोचणीची ताजी पट्टी सर्वोत्तम. शिरेतून रक्त घ्यावेच लागले तर हेपॅरिनच्या, म्हणजे हिरव्या झाकणाच्या नळीत घेऊन लगेच पट्टी काढावी. ज्या गावात ही सोय नाही तेथे दुरून नमुना धाडून मिळविलेला आकडा नसलेलाच बरा.

नमुना निर्दोष असला तरी आकडा फसवू शकतो, हेही ध्यानी ठेवावे. गर्भिणी व नवप्रसूता स्त्रीत स्कोअर स्वभावतःच वाढलेला असतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी वाढतो, शारीरिक ताणाने वाढतो, स्टिरॉइडने वाढतो. आपल्या व्यवसायाला लाज आणणारी एक गोष्ट येथे लिहिणे भाग आहे. सांधेदुखी व दमा यांवर 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले आढळले आहे. त्याने श्वेतकणही वाढतात आणि हा स्कोअरही. लेबल नसलेली कोणती पुडी घेत होता, हा प्रश्न रुग्णास स्पष्टपणे विचारावा. उलट बाजूने, सी.एम.एल. असलेल्या रुग्णालाच न्यूमोनिया झाला, ती स्त्री गर्भिणी असली, प्लीहा काढून टाकलेली असली किंवा व्याधी उग्र अवस्थेकडे सरकला, तर मूळचा नीच स्कोअर सामान्य किंवा उच्च होऊ शकतो. क्रॉनिक न्यूट्रोफिलिक ल्युकेमिया या विरळा व्याधीत तर तो आरंभापासूनच उच्च असतो. म्हणजे नीच स्कोअर संशय बळावतो; सामान्य स्कोअरने मात्र संशय फिटत नाही.

श्वेतकण वाढण्याच्या या प्रश्नापलीकडेही आणखी दोन ठिकाणी हा स्कोअर कामास आला. चेहरा तांबूस-जांभळा, डोके जड, स्नानानंतर अंगाला कंड आणि हिमोग्लोबिन १९-२० असा रुग्ण आपण पित्तरक्तदुष्टीचा म्हणून पाहतो. त्यात रक्तकण मूळच्या मज्जाविकाराने वाढले आहेत, म्हणजे पॉलिसायथेमिया व्हेरा आहे, की धूम्रपान किंवा फुप्फुसविकारामुळे प्राणवायू कमी पडून ते वाढले आहेत, हा प्रश्न असतो. पहिल्यात स्कोअर बहुधा शंभराच्या वर, दुसऱ्यात सामान्य. जुन्या निदाननिकषांत याला मानाचे स्थान होते. २००५ साली जे.ए.के.२ या जनुकातील बदल सापडल्यावर ते स्थान गेले. आज निदान त्या तपासणीनेच होते. या व्याधीत आधुनिक शास्त्रही शिरेतून रक्त काढते आणि हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांच्या खाली ठेवते, हे वाचून आपल्यातील शिराव्यधाच्या अभ्यासकांस आनंद होईल. पण निदान निश्चित होण्यापूर्वी आणि मोजमापावाचून तसे रक्त काढू नये.

दुसरे ठिकाण पी.एन.एच. या दुर्मिळ व्याधीचे. सकाळची लघवी काळपट तांबडी, पांडुता, अवघड जागी रक्ताच्या गुठळ्या. या व्याधीत पेशींच्या पृष्ठभागावर काही प्रथिनांना धरून ठेवणारा दुवाच तयार होत नाही, आणि आपला विकर त्याच दुव्यावर टांगलेला असल्यामुळे स्कोअर नीच येतो. मज्जा सुकल्यामुळे होणाऱ्या ॲप्लास्टिक पांडूत, जो वरकरणी असाच दिसू शकतो, तो उच्च असतो. आता पी.एन.एच.साठी फ्लो सायटोमेट्री ही खात्रीची तपासणी आहे.

सी.एम.एल.ची कथाही अशीच पुढे गेली आहे. १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल व हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. १९७३ साली जॅनेट रौली यांनी दाखविले की ९ व २२ या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलल्याने ते तयार होते. त्यातून बी.सी.आर.-एबल हे जोडजनुक जन्मते व तेच व्याधीचे मूळ. आज ते रक्तातून थेट शोधता येते, आणि त्यावाचून सी.एम.एल.चे निदान पूर्ण झाले असे कोणी मानत नाही. त्यामुळे अनेक मोठ्या प्रयोगशाळांनी एल.ए.पी. स्कोअर बंद केला आहे. मग आम्ही त्यावर एवढे का लिहिले? कारण जनुकीय तपासणीचा अहवाल येण्यास दिवस लागतात, तिला खर्च आहे, आणि जेथे चांगला सूक्ष्मदर्शक व जाणता पॅथॉलॉजिस्ट आहे तेथे हा स्कोअर त्याच दिवशी दिशा दाखवितो. शिवाय रुग्णाच्या जुन्या कागदांत तो सापडतो, तेव्हा त्याचा अर्थ आपणांस लागला पाहिजे.

निदान वेळेवर होण्याचे मोल २००१ नंतर फार वाढले आहे. त्या वर्षी इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत मान्य झाले. ते नेमके त्या जोडजनुकाच्या प्रथिनाला रोखते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावरील एका पेटंटची मागणी फेटाळली आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. पूर्वी काही वर्षांत संपणारा रुग्ण आता पहिल्या अवस्थेत सापडला व गोळी नियमित घेत राहिला तर जवळजवळ पूर्ण आयुष्य जगू शकतो. या वस्तुस्थितीपुढे, प्लीहावृद्धीवर महिनोन्महिने काढे देत राहणे हे केवळ अज्ञान नव्हे, तर रुग्णावर अन्याय आहे. हे आम्ही स्वतःस उद्देशूनच लिहीत आहोत.

औषधी दुकानदार बंधूंसाठी दोन शब्द. थकवा, वजन घटणे, डाव्या कुशीत जडपणा सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला रक्तशुद्धीची बाटली देण्यापूर्वी रक्तगणना झाली आहे काय ते विचारावे. इमॅटिनिब घेणाऱ्या रुग्णाला बरे वाटू लागले की तो गोळी सोडू पाहतो; महिन्याची गोळी न्यावयास तो आला नाही तर त्यास निरोप धाडावा. त्या गोळीसोबत त्रिकटू, पिप्पली यांचे मोठ्या मात्रेतील कल्प रक्ततज्ज्ञांना न कळविता देऊ नयेत. मिरी-पिंपळीतील पायपरिन शरीरात औषधे पचविणाऱ्या विकरांना रोखते असे प्रयोगांत दिसले आहे, आणि ही गोळी त्याच मार्गाने पचते. 'रक्तकर्करोग बरा करू' अशी पाटी लावणे तर १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

वैद्यांनी मोठी प्लीहा जोर देऊन चाचपू नये, तिच्यावर मर्दन करू नये, कारण ती फुटू शकते. पन्नास हजारांच्या वर श्वेतकण दिसताच रुग्णास रक्ततज्ज्ञांकडे धाडावे आणि सोबतच्या पत्रात प्लीहेचे माप, ज्वराचे दिवस, गर्भ अथवा प्रसूती, चालू असलेली सर्व औषधे (आपली धरून) आणि स्कोअर केला असल्यास नमुना कसा व केव्हा घेतला, एवढे अवश्य लिहावे. आमचे शिंपी रुग्ण रोज ४०० मिलिग्रॅमची गोळी जेवणानंतर घेतात, ठरलेल्या वेळी जनुकीय तपासणी करून घेतात आणि अहवालाची प्रत आमच्या टेबलावर ठेवून जातात. प्लीहा आता हाताला लागत नाही.